एक मात्रा जास्त

बसच्या पाटीवर शहराचं एक नाव होतं,
कंडक्टरच्या तोंडात दुसरं,
आणि मुखेडपासून माझ्या खांद्यावर झोपत आलेले काका
दोन्ही टाळून नुसतं म्हणाले,
"आलं बगा."

माझंही तसंच काहीतरी.
पदवीच्या कागदावर मी 'प्रयोग'.
'प्रयाग' लिहिताना कुणाचा तरी हात उगाच वर गेला
आणि एक मात्रा जास्त पडली, एक्क्याण्णव साली.
तीस वर्षं हजेरीपटावर प्रयाग म्हणून सही केली,
कुणी विचारलं नाही.
पेन्शनच्या साहेबांनी मात्र चष्मा लावला.

शेअर रिक्षात पाचवी मी, अर्धी बाहेर.
"विद्यापीठ?"
"हौ, बैठो, पाव अंदर लेव."
जिलानी त्याचं नाव, आरशावर लिहिलेलं.
मिल कॉर्नर आलं, मिल मला दिसली नाही.
भडकल दरवाजाला रिक्षानं वळसा घातला,
गावाकडं ओसरीत निजलेल्या म्हाताऱ्याला
ओलांडत नाहीत, बाजूनं जातात, तसा.
"बावन दरवाजे है बोलते," तो म्हणाला.
"तुम्ही मोजले?"
"मैं गिननेवाला नक्को, बाई. मैं निकलनेवाला."
पुढच्या एका दरवाजाशी मात्र वळसा नव्हता.
पलीकडून पाण्याचा टँकर कमानीत शिरला,
आणि अलीकडं आम्ही सगळे, एक मोटारसुद्धा,
हॉर्न न वाजवता थांबलो.

विद्यापीठाच्या गेटाशी एक पोरगा
आईला उभी करून फोटो काढत होता.
तिनं चप्पल काढली होती.
मी कागदाची पिशवी पोटाशी धरली.
या नावासाठी आमच्याकडच्या गावांतून
घरं जळालीत, माणसं गेलीत,
आणि मी आलेय एक मात्रा खोडायला.
कमानीखालून जाताना जरा हळू चालले, एवढंच.

खिडकी म्हणाली, तीननंतर.

मग चार तास. मकबऱ्याला नेतो म्हणाला एक जण,
पन्नास रुपयांत, येऊन-जाऊन.
मकबरा मी तीस वर्षं चौथीला शिकवला,
त्याच्यासमोर आता परीक्षा द्यायची इच्छा नव्हती.
पाणचक्कीवर गेले. वडाखाली डबा उघडला,
ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी,
हौदातले मासे तोंडं उघडून मिटून बघत होते.
भिंतीवरून पाणी पडत होतं, सावकाश, न कंटाळता.
एक गाइड जळगावच्या जोडप्याला सांगत होता
की हे पाणी डोंगराकडून जमिनीखालून येतं.
मी मध्येच विचारलं, वाटेत हरवत नाही?
तो माझ्या डब्याकडं बघत म्हणाला,
"नळातून येतं, मावशी. हरवायला जागाच नाही त्याला."
त्याला अर्धी भाकरी दिली.

परतीचा रस्ता चुकला.
बेगमपुऱ्यात एकानं सांगितलं,
"टॉकीज होती ना, तिथनं डावीकडं."
दुसरा म्हणाला, "चिंच होती, तिथपर्यंत नका जाऊ."
मी नसलेल्या टॉकीजला वळले,
नसलेल्या चिंचेच्या अलीकडं थांबले,
आणि बरोब्बर पोचले.

खिडकीत आता एक मुलगी होती, नख रंगवलेली.
कागद वाचून हसली.
"प्रयोग छान आहे की, मॅडम. ठेवा ना."
मीही हसले. ठेवावं असं वाटलंही, दोन-तीन सेकंद.
मग तिनं अर्ज घेतला, शिक्का मारला,
म्हणाली, पंधरा दिवसांनी या.

संध्याकाळी पुन्हा जिलानीच.
"हुआ काम?"
"हौ," म्हणाले मी, त्याच्याच बोलीत,
आणि पावती उजेडात धरली.
'प्रायग', निळ्या शाईत, अक्षर सुरेख.
थांबवा, म्हणावंसं वाटलं. तोंड उघडलं पण.

पुढं भडकल दरवाजा आला होता.
रिक्षा वळसा घालत होती.